'एशिया' : चैत्रात सापडलेला एक लघुग्रह

गुढीपाडव्याला आपण पंचांगवाचन ऐकतो. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघाधिपती कोण, हे सारे नऊ ग्रहांत वाटून दिलेले असते. त्या नवांतले राहू आणि केतू हे तर दिसणारे ग्रहच नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जेथे छेदते ते ते दोन बिंदू होत. आज ज्याच्याविषयी बोलण्याचे आम्ही योजले आहे तो ग्रह मात्र खरोखरीचा आहे, दगडाचा आहे, सूर्याभोवती इमानेइतबारे फिरतो आहे. आणि तरीही तो कोणत्या पंचांगात आढळायचा नाही. तो सापडलाही चैत्रातच. शके 1783 च्या चैत्रात, बुधवार दि. 17 एप्रिल 1861 रोजी, मद्रासच्या सरकारी वेधशाळेत नॉर्मन पॉगसन या ज्योतिर्विदाला तो दिसला. लघुग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक 67 आणि नाव 'एशिया'. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून हे नाव. शिवाय ग्रीक पुराणात याच नावाची एक देवता आहे, तीही पॉगसनच्या मनात होती. ग्रहांना ग्रीक-रोमन देवदेवतांची नावे द्यायची हा युरोपातला परिपाठ, तोही त्याने असा सांभाळला.

लघुग्रह म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर एक धरले तर बुध 0.4, शुक्र 0.7, मंगळ दीड आणि गुरू 5.2 अंतरावर येतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधली ही एवढी मोठी जागा मोकळी का, हा प्रश्न जुन्या ज्योतिर्विदांना सतावीत असे. अठराव्या शतकात टिटियस आणि बोडे यांनी अंतरांची एक संख्यामालिका मांडली, तिच्यात 2.8 या अंतरावर एक घर रिकामे राहत होते. 1 जानेवारी 1801 रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे पियाझी याला त्याच घराच्या आसपास सेरेस सापडला. पियाझीने तो एक्केचाळीस दिवस पाहिला, मग तो आजारी पडला आणि सेरेस सूर्याच्या उजेडात गडप झाला. सूर्याआडून बाहेर आल्यावर त्याला शोधायचे कोठे? चोवीस वर्षांच्या गाउस या गणितीने त्या मोजक्या वेधांवरून कक्षा काढून दिली, आणि 1801 च्या अखेरच्या रात्री सेरेस त्या गणिताने सांगितलेल्या जागेजवळ मिळाला. गणिताने सांगावे आणि आकाशाने होय म्हणावे, असा हा योग. पुढे 1807 पर्यंत आणखी तीन सापडले, 1845 नंतर त्यांचा ओघच लागला. आज त्यांची मोजदाद दहा लाखांच्या पलीकडे गेली आहे. तथापि हे सारे एकत्र करून त्यांचा गोळा वळला, तर तो आपल्या चंद्राच्या शेकडा तीन-चार भागांहून मोठा भरणार नाही.

आता मद्रासकडे वळू. पॉगसन 1861 च्या आरंभी तेथे रुजू झाला. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे असताना त्याने तीन लघुग्रह शोधले होते. म्हणजे या कामात तो मुरलेला होता. ताऱ्यांच्या प्रती मोजण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, ती त्यानेच 1856 साली सुचविली. एका प्रतीचा तारा त्याच्या पुढच्या प्रतीच्या ताऱ्याहून सुमारे अडीचपट तेजस्वी, असे ते माप आहे. साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एशिया फार अनुकूल स्थितीत असला तरी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही चाळिसाव्या हिश्शाइतका त्याचा उजेड. दूर असताना तो बाराव्या प्रतीपर्यंत मंदावतो.

दुर्बिणीतूनही त्याला ना बिंब, ना वलय, ना रंग. शेजारच्या शंभर ताऱ्यांसारखा एक ठिपका. मग ओळखायचा कसा? यावर त्या काळी एकच उपाय होता, आणि तो विलक्षण कंटाळवाणा होता. आकाशाचा एक लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातल्या बारीकसारीक ताऱ्यांचा नकाशा काढायचा, आणि रात्रीमागून रात्र दुर्बिणीतले आकाश त्या नकाशाशी ताडून पाहायचे. नकाशात नसलेला ठिपका दिसला, तर आपली काढताना चूक झाली, की एखादा रूपविकारी तारा उजळला, की खरोखर नवा पाहुणा आला, हे ठरविण्यासाठी पुन्हा दुसऱ्या रात्रीची वाट पाहायची. तारा असेल तर तो जागचा हलणार नाही. ग्रह असेल तर हललेला दिसेल. लोकांना वाटते शोध म्हणजे एका रात्रीचे भाग्य. आमच्या मते त्या एका रात्रीच्या आधीच्या नकाशे काढण्याच्या रात्री हाच शोधाचा मोठा भाग होय.

तो किती हलतो, यावरून तो केवढ्या अंतरावर आहे हेही ताडता येते. एस.टी.तून जाताना रस्त्याकडेची झाडे भराभर मागे पळतात, आणि लांबचा डोंगर मात्र सावकाश सरकतो. पृथ्वी ही आपली एस.टी. सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला, म्हणजे प्रतियुतीत, असलेल्या ग्रहाला आपण मागे टाकून पुढे जातो, म्हणून तो ताऱ्यांतून उलट सरकताना दिसतो. त्यालाच आपण ग्रह वक्री झाला म्हणतो. अशा वेळी मंगळ दिवसाला साधारण एकवीस-बावीस कला मागे सरकतो, गुरू आठ कला. एशिया सरासरीने पंधरा कला सरकतो. म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीएवढा. गुरूहून जलद आणि मंगळाहून मंद, तेव्हा हा प्राणी दोहोंच्या मधला, एवढे तर कागद-पेन्सिल न घेताही कळते. नेमकी कक्षा काढायला मात्र निदान तीन वेगवेगळ्या रात्रींचे वेध लागतात आणि गाउसच्या वाटेने जावे लागते.

ही अंतरे कोटी किलोमीटरांत सांगितली तर ती कानांवरून जातात. त्यापेक्षा ती आपल्या ओळखीच्या रस्त्यावर मांडून पाहू. सूर्य साताऱ्यात ठेवा. पृथ्वी कराडला ठेवा, पन्नास किलोमीटरांवर. मंगळ येतो कराडच्या पुढे पेठ नाक्याच्या आसपास. आणि एशियाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या 2.42 पट, म्हणजे आपल्या मापाने 121 किलोमीटर. तो नेमका सांगलीच्या वेशीवर येऊन उभा राहतो. गुरूसाठी मात्र कोल्हापूरकडून बेळगाव ओलांडून जावे लागेल. हा रस्ता केवळ अंतराचे माप म्हणून घ्यायचा. प्रत्यक्षात हे सारे तेवढ्या तेवढ्या अंतरावरून साताऱ्याला प्रदक्षिणा घालीत आहेत असे समजायचे.

याच मापाने सूर्य साधारण साडेचारशे मीटर रुंदीचा होतो. कराडातली पृथ्वी म्हणजे सव्वाचार मीटरांचा, एखाद्या खोलीएवढा गोल. आणि एशिया? त्याचा खरा व्यास साठ किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. सांगलीच्या वेशीवर तो दोन सेंटिमीटरांचा, म्हणजे एका सुपारीएवढा होतो. साताऱ्यात दिवा लावला आहे, त्याच्या उजेडात सांगलीला ठेवलेली सुपारी आपल्याला कराडातून पाहायची आहे, तीही सत्तर किलोमीटरांवरून! मद्रासला पॉगसनने जे केले ते हे.

एशियाची कक्षा वर्तुळ नाही, लंबवर्तुळ आहे. ते किती लांबट आहे हे सांगणारी संख्या 0.185 आहे, पृथ्वीच्या कक्षेची तीच संख्या 0.017 आहे. म्हणजे पृथ्वीची वाट जवळजवळ गोल, एशियाची चांगलीच एका अंगाला सरकलेली. सूर्याच्या सर्वांत जवळ असतो तेव्हा एशियाचे अंतर 1.97 असते आणि सर्वांत दूर जातो तेव्हा 2.87. आपल्या रस्त्यावर म्हणायचे तर सुपारी कधी आष्ट्यापर्यंत आत येते, तर कधी मिरज मागे टाकून म्हैसाळच्या बाजूला जाते. जवळ असताना तिची चाल जलद, दूर असताना मंद. हा केप्लरचा दुसरा नियम. तिसरा नियम तर श्रोत्यांना घरी जाऊन स्वतः पडताळता येईल. अंतराचा घन करा आणि त्याचे वर्गमूळ काढा, म्हणजे वर्षे मिळतात. 2.42 चा घन सुमारे 14.2, त्याचे वर्गमूळ 3.77. एशियाचे एक वर्ष आपल्या पावणेचार वर्षांहून किंचित मोठे आहे. दिवस मात्र लहान. स्वतःभोवती तो सोळा तासांच्या जरा आतच फिरतो.

या 3.77 वर्षांत एक गंमत दडली आहे. मंगळाचे वर्ष 1.88 वर्षांचे. त्याची दुप्पट केली की 3.76. म्हणजे मंगळाच्या दोन फेऱ्या होतात तोवर एशियाची जवळजवळ बरोबर एक. आपल्याशी मात्र त्याचे गणित असे सोपे नाही. एका प्रतियुतीनंतर पुढची प्रतियुती यायला सव्वासोळा महिने लागतात. म्हणून या वर्षी चैत्रात समोर आलेला एशिया पुढच्या खेपेस श्रावणाच्या सुमारास समोर येईल.

राहू-केतूंची गोष्ट वर निघाली होती, ती येथे उपयोगी पडते. पृथ्वीच्या कक्षेची पातळी म्हणजे क्रांतिवृत्ताची पातळी. एशियाची कक्षा तिच्याशी सहा अंशांचा कोन करते. त्यामुळे त्यालाही स्वतःचे राहू आणि केतू आहेत; एका बिंदूवर तो पातळीच्या वर निघतो, दुसऱ्यावर खाली उतरतो. सहा अंश ऐकायला थोडे वाटतात. परंतु सांगलीइतक्या अंतरावर तेवढ्या कोनाने वर गेलेली सुपारी रस्त्यापासून बारा-तेरा किलोमीटर उंच जाते. कळसूबाईच्या सातपटीहून अधिक! लघुग्रहांच्या पट्ट्यात धोंड्यांची दाटी असेल आणि यानांना वाट काढणे कठीण जात असेल, ही समजूत चित्रपटांनी पसरविली आहे. पट्टा असा खाली-वर, आत-बाहेर पसरलेला असल्याने तो वस्तुतः फार विरळ आहे. 1972 पासून कित्येक याने त्यातून सुखरूप पार गेली.

त्या पट्ट्यातही काही जागा ओस आहेत. 1866 साली अमेरिकेतील डॅनिअल कर्कवुड याच्या ध्यानात आले की, लघुग्रहांची सरासरी अंतरे मांडली तर 2.5 च्या आसपास जवळजवळ कोणीच नाही. आपल्या रस्त्यावर ही जागा सांगली आणि मिरज यांच्यामध्ये, विश्रामबागेच्या सुमारास पडते. कारण गुरू. त्या अंतरावरचा लघुग्रह तीन फेऱ्या घालतो तेव्हा गुरूची एक होते, आणि गुरूचा ओढा त्याच त्या ठिकाणी पुनःपुन्हा बसतो. झोक्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का द्यावा तशी कक्षा लांबत जाते, मंगळाच्या आणि पृथ्वीच्या वाटेपर्यंत पोचते. आपल्याकडे उल्का म्हणून येऊन पडणाऱ्या पाषाणांपैकी अनेकांचा प्रवास या ओस जागेतून सुरू झालेला असतो. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. एशिया स्वतः म्हैसाळपर्यंत जातो, म्हणजे विश्रामबाग ओलांडतोच; मग जागा ओस कशी? ओस आहे ती सरासरी अंतरांच्या यादीतली जागा. प्रत्यक्ष आकाशात त्या अंतरावरून येणारे-जाणारे पुष्कळ असतात. मुक्कामाचे गाव म्हणून तेथे कोणी राहत नाही. एशियाचा मुक्काम त्या सीमेच्या थोडा अलीकडे आहे, एवढेच.

मद्रासच्या वेधशाळेची गोष्ट पॉगसनवर संपवली तर ती अर्धीच राहील. तेथे चिंतामणी रघुनाथाचार्य नावाचे एक साहाय्यक होते. 1867 साली त्यांनी एक रूपविकारी तारा शोधून काढला. 1872 साली लंडनच्या रॉयल अस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पॉगसन मच्छलीपट्टणला गेला आणि आचार्य वनपर्तीला. ती छाया विजयदुर्गाकडून आत शिरून जमखंडी-विजापूरवरून गेली. सांगली-मिरजेचा मुलूख तिच्या पट्ट्यात सापडला होता. म्हणजे एशिया शोधणाऱ्या वेधशाळेतली माणसे आणि आपले पणजोबा-खापरपणजोबा त्या दिवशी एकाच सावलीत उभे होते.

परंतु आमच्या दृष्टीने आचार्यांचे मोठे काम निराळे आहे. दिवसभर युरोपीय यंत्रांनी वेध घेणारा हा गृहस्थ घरी आल्यावर पंचांग करीत असे, आणि त्या पंचांगाचे नाव 'दृग्गणित'. दृक् म्हणजे दिसणे. पंचांगात गुरू अमुक अंशावर लिहिला असेल तर तो आकाशात तेथे दिसला पाहिजे, नाहीतर गणित सुधारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. हाच आग्रह त्याच दशकात आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे धरीत होते. त्यांची 'ग्रहसाधनांची कोष्टके' 1860 साली निघाली आणि 1865 पासून पटवर्धनी पंचांग सुरू झाले. पुढे 1920 साली सांगलीत ज्योतिषसंमेलन भरले, लोकमान्य टिळक त्याला उपस्थित होते, आणि वादाचा विषयही हाच होता. आरंभस्थान कोणत्या ताऱ्यापाशी धरावे याविषयी तेव्हा मतभेद होते व अजून आहेत. ग्रह मात्र दिसेल तेथेच लिहावा, याविषयी शुद्ध पंचांगवाल्यांत दुमत नव्हते.

गणित आकाशापुढे उभे न करता मान्य केले तर काय होते, याचे एक नाजूक उदाहरण आपल्यातच आहे. व्यंकटेश बापूजी केतकर हे मोठे गणिती. 1911 साली त्यांनी फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे भाकीत केले. त्यांतल्या पहिल्याचे अंतर पृथ्वीच्या सुमारे 39 पट. 1930 साली प्लूटो सापडला आणि त्याचे सरासरी अंतर निघाले साडेएकोणचाळीस. केतकर त्याच वर्षी वारले. आपल्याकडे हे भाकीत खरे ठरल्याचे अभिमानाने सांगितले जाते. केतकरांविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे. तरीही तो योगायोग होता असेच आम्ही म्हणतो. त्यांनी ग्रहांच्या गतींतील प्रमाणे पुढे वाढवून तो आकडा काढला होता, आणि तसल्या संख्यामालिकेचा भरवसा किती, हे नेपच्यूनने 1846 सालीच दाखविले होते. बोडेच्या मालिकेत तो बसला नाही. एशियाचा आकडा 2.42 आहे, तो कोणत्याही मालिकेतून आलेला नाही. तो वेधांतून आला आहे आणि एकशे साठांहून अधिक वर्षे दर प्रतियुतीला पुन्हा तपासता आला आहे.

मद्रासला पॉगसनने एकूण पाच लघुग्रह शोधले. एशियानंतर 1864 साली सॅफो, 1866 साली सिल्व्हिया, 1868 साली कॅमिला आणि 6 फेब्रुवारी 1885 रोजी व्हेरा. सिल्व्हिया पुढे फार गाजला. त्याला दोन चंद्र आहेत असे 2005 साली जाहीर झाले, आणि दोन चंद्रांचा लघुग्रह असा तो पहिलाच. पॉगसनला मात्र पुरेसे साहाय्यक कधी मिळाले नाहीत, सरकारशी त्याचे खटके उडत राहिले, आणि त्याचे कितीतरी वेध वर्षानुवर्षे छापल्याविना पडून होते. ऑक्सफर्डला सापडलेल्या 'आयसिस' या लघुग्रहाला ज्या मुलीचे नाव दिले होते, ती त्याची कन्याही मद्रासच्या वेधशाळेत त्याची साहाय्यक म्हणून राबली. 1880 साली रघुनाथाचार्य गेले, 1891 च्या जूनमध्ये पॉगसन. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीत माक्स वोल्फ याने छायाचित्रावरून पहिला लघुग्रह शोधला आणि डोळ्यांनी नकाशे ताडण्याचा काळ मागे पडला. 1899 नंतर आपल्याकडचे लक्ष कोडाईकनालला, सूर्याच्या अभ्यासाकडे वळले. ते कामही मोलाचे झाले. पण लघुग्रह मागे राहिले ते राहिलेच.

व्हेरानंतरचा भारतातून सापडलेला पुढचा लघुग्रह केव्हाचा? 17 फेब्रुवारी 1988 चा. तामिळनाडूतील कावलूर येथे आर. राजमोहन यांनी श्मिट दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून तो शोधला. क्रमांक 4130, नाव 'रामानुजन'. मधली वर्षे मोजा, एकशे तीन होतात. आकाश तेच होते, आणि बुद्धी तर या काळात आपल्याकडे उदंड होती. रामानुजन स्वतः मद्रासचेच. नव्हते ते एवढेच, की एका माणसाने काढलेला नकाशा दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन तेच काम पुढच्या रात्री चालू ठेवणारे घर. या शंभर वर्षांची खंत आम्हांला पॉगसनच्या कौतुकाहून अधिक वाटते.

व्याख्यानानंतर पुष्कळदा विचारतात, की आम्हांला हा पाहता येईल काय. येईल. चार इंची दुर्बीण पुरे, प्रतियुती अनुकूल हवी, अमावास्येच्या जवळची रात्र हवी, आणि गावाच्या दिव्यांपासून दूर जायला हवे. सातारकरांना कास आहे, सांगलीकरांना दंडोबाचा डोंगर. एशियाची त्या रात्रीची जागा आता घरबसल्या मिळते. पण दुर्बीण त्या जागी रोखल्यावर कोणता ठिपका तो, हे पहिल्या रात्री सांगण्याच्या भरीस पडू नये. दिसतील तेवढे सगळे ठिपके कोऱ्या कागदावर उतरवावे, वर तारीख-वेळ घालावी आणि घरी जावे. दुसऱ्या रात्री त्याच वेळी तोच कागद घेऊन पुन्हा यावे. बाकीचे सारे जागच्या जागी असतील, एकच ठिपका चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीने सरकलेला असेल. ढग आले तर कागद जपून ठेवावा आणि तिसऱ्या रात्री यावे. तोवर तो अर्धा अंश गेलेला असेल, म्हणजे ओळखायला अधिकच सोपा.